शिक्का नीट उठवा

भाट्ये, रत्नागिरी
२१ एप्रिल २०२४

श्री. भिकाजी रेवाळे यांस,

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, विहिरीचं पाणी भरून झालं होतं आणि मी घावन घालत होते. हे पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर तुमचं पाकीट, हातात भिंग. आतून मला नुसती पाठ दिसत होती. त्यांनी हाक मारली, "तुळसा, जरा बाहेर ये गो. एक गंमत दाखवतो." मी म्हटलं, "घावन करपेल. तुमची गंमत काय पळून जाते?" ते हसले. मग मी मासळी आणायला गेले. आले तर यांचा डोळा लागलेला. संध्याकाळी वीज गेली. गंमत बघायची राहून गेली.

पत्राला अशी सुरुवात करू नये हे मला कळतं. पण दुसरी सुरुवात जमत नाही. श्री. हरिश्चंद्र शिवलकर, म्हणजे आमचे हे, फेब्रुवारीत गेले. त्या सकाळनंतर त्याच आठवड्यात छातीत दुखायला लागलं. रिक्षा भाट्याच्या पुलावर होती तेव्हाच त्यांनी मान टाकली.

तुम्हाला कळवायला हवं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुमचं पाकीट महिन्याच्या महिन्याला येतं, आत तिकिटं असतात, चिठ्ठी नसते. यांच्या मोबाईलमध्ये तुमचं नाव सापडलं नाही. मार्चचं पाकीट मी न फोडता देवघराच्या फळीवर ठेवलं. परवा केरू पोस्टमनने दुसरं आणून दिलं आणि म्हणाला, "काकू, त्या दापोलीच्या गृहस्थांना कुणीतरी सांगा हो. बिचारे भिंतीशी बोलतायत." म्हणून लिहिते. तुमची दोन्ही पाकिटं सोबत परत पाठवली आहेत.

मी शाळेत चौथीपर्यंतच गेले. पुढचं वाचून वाचून शिकले. त्यामुळे वाचायला सगळं येतं, लिहिताना मात्र हात अडखळतो.

यांचे तिकिटांचे दोन अल्बम आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. आमचा दीपक डोंबिवलीला असतो. तो म्हणतो, "आई, कुणा शौकीन माणसाला देऊन टाक." मला ते जड जातं. बोटीवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी जीव लावला तो या एकाच गोष्टीला. मला त्यातलं काही कळत नाही, मी कधी शेजारी बसले नाही. पण माझ्या हातून ते खराब होऊ नये, एवढीच आता इच्छा आहे. कसं सांभाळायचं ते कळवाल का?

आणि त्या सकाळी त्यांना काय दाखवायचं होतं, ते तुम्हाला माहीत असेल तर तेही कळवा.

तुळसा शिवलकर

*

दापोली
४ मे २०२४

सौ. (हे खोडलं आहे, सवयीने लिहिलं गेलं, क्षमा करा)
तुळसावहिनींस, सा. न.

पत्र वाचून अंगणात जाऊन बसलो. सून निशिगंधा विचारत होती, "बाबा, कुणाचं पत्र?" काय सांगू? ज्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही, तो गेला म्हणून मला जेवण जात नव्हतं.

होय, आम्ही कधी भेटलो नाही. दापोली ते रत्नागिरी काय लांब आहे? सकाळची एसटी धरली तर दुपारी भात तुमच्याकडे खाल्ला असता. दर दिवाळीला तो लिहायचा, "यंदा नक्की ये, सुरमई खायला घालतो." दर दिवाळीला मी लिहायचो, "तूच ये." मी कृषी विद्यापीठाच्या कचेरीत आयुष्य काढलं, तो समुद्रावर. वर्तमानपत्रात मी एक बारीकशी जाहिरात दिली होती, तिकिटांची अदलाबदल करणारे कोणी आहे का म्हणून. एकच उत्तर आलं. ते त्याचं.

आमचा नियम ठरलेला. पाकिटात चारदोन तिकिटं घालायची. समोरच्याने आवडलेलं ठेवून घ्यायचं, त्या बदल्यात आपलं एक घालायचं, आणि पाकीट परत. पत्र फक्त दिवाळीला. तो म्हणायचा, लिहायला लागलो की तिकिटं बघायचं राहतं. त्याला बोटी आणि दीपगृहं हवीत, मला फळं आणि पक्षी. त्याने मला एकदा कुठल्याशा बेटाचा पोपट पाठवला. तिकीट एवढंसं, नखाएवढं, पण पोपटाच्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. तो ठिपका मला भिंगाने दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. घरच्यांना वाटलं विंचू चावला.

तुम्ही विचारता काय दाखवायचं होतं. आम्हा लोकांच्या गमती अशाच असतात वहिनी. कडेचं एखादं भोक कमी, एखाद्या बोटीला धूर आहे पण धुराडं नाही. तसंच काहीतरी असेल. मनाला लावून घेऊ नका.

सांभाळायचं म्हणाल तर अल्बम उभे ठेवा, आडवे नको. भिंतीपासून लांब. तिकिटाला बोट लावू नका, चिमट्याने धरा. त्याचं मोठं काम कोणतं ते तुम्हाला माहीतच आहे, मी काय सांगणार. त्याची पानं चढवून झाली, म्हणजे सगळं पानांवर नीट लावून झालं, असं त्याने कळवलं होतं, तेव्हा काळजी नाही.

ती पाकिटं मी तुम्हाला पुन्हा पाठवली तर चालतील का? नियम पाळायला कुणीतरी हवं.

आपला,
भिकाजी रेवाळे

*

भाट्ये
९ जुलै २०२४

रेवाळेभाऊ,

तुमची पाकिटं पाठवत राहा. मे महिन्यातलं फोडलं. यांच्यासारखीच पडवीत खुर्ची टाकून बसले. त्यात एक दीपगृह होतं, त्याच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. इतक्या लहान जागेत पायऱ्या कोरणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी ते ठेवून घेतलं आणि यांच्या अल्बममधलं जे तिकीट दोनदा होतं ते तुम्हाला घातलं. चुकलं असेल तर सांगा.

एक सांगते. मी आयुष्यभर वाचत आले. नगर वाचनालयाची पुस्तकं, वाण्याकडच्या पुड्यांचे कागद, देवळाच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाट्यासुद्धा. पण तिकीट वाचायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणारा होता, पडवीत बसलेला, पण मी ऐकायला गेले नाही.

आता अडचण. तुम्हाला आमच्या बाजूचा पाऊस ठाऊक आहे, दापोलीला काही निराळा नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते. अल्बम मी कपाटात वरच्या खणात ठेवले, ते ठीक आहेत. पण ट्रंक उघडली तर वास आला. आत लिफाफे आहेत, वर तिकिटं डकवलेली. खालच्या थराला कसर लागली आहे, कागद कुरतडला आहे. तिकिटं अजून धड आहेत. ती लिफाफ्यांवरून फाटू न देता कशी सोडवायची? केरू म्हणतो वाफेवर धरा. मला भीती वाटते.

लवकर कळवा. कसर थांबत नाही.

तुळसा शिवलकर

*

दापोली
१६ जुलै २०२४

वहिनींस, सा. न.

वाफ नको! केरूला सांगा, टपाल वाटायचं काम करा, तिकिटांचं आम्हाला सोडा. वाफेने तिकीट कायमचं सुरकुततं.

काम अगदी सोपं आहे, आणि आमच्या सगळ्या छंदात मला यासारखं सुख दुसरं नाही. नीट लिहितो. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कात्रीने तुकडा कापा. परातीत साधं पाणी घ्या, गरम नको. तुकडे चित्राची बाजू वर करून पाण्यावर सोडा. मग काही करू नका. हीच अवघड गोष्ट आहे. माणसाला ओढायची घाई होते. चहा करून प्या. तोवर खाली डिंक विरघळतो आणि तिकीट आपलं आपण सुटतं, साय बाजूला सरते तसं. मग चिमट्याने उचला, कोऱ्या कागदावर पालथं घाला, वर दुसरा कोरा कागद. वाळलं की जाड पुस्तकाखाली दाबा. रंगीत कागदाचे तुकडे निराळे भिजवा, रंग उतरतो. तुमच्याकडे जाड पुस्तकांना तोटा नसणार.

मी लहान असताना आमचा पोस्टमास्तर मला रद्दीतले तुकडे द्यायचा. आई परात द्यायची नाही, म्हणून मी म्हशीच्या घमेल्यात तिकिटं भिजवायचो. एकदा म्हशीने ती पेंडीबरोबर खाल्ली. त्या संध्याकाळी दूध काढताना आमच्या आप्पांनी मला हाक मारली, "ये रे, बघ, तिकीट लागलंय का दुधाला!"

ट्रंकेतला तो जुना माल त्याने केव्हा जमवला होता कुणास ठाऊक. मोठं काम पानांवर चढलेलं आहे ते बरं. हे सुटे तुकडे निवांत सोडवा. पावसाळा बरा जाईल.

आपला,
भिकाजी

*

भाट्ये
१८ ऑगस्ट २०२४

रेवाळेभाऊ,

काम झालं. सगळं झालं, एकही तिकीट फाटलं नाही.

महिनाभर रोज दुपारी परात मांडून बसायची. तुम्ही लिहिलं तसंच. आधी वाटतं, काही होत नाही. मग एक कोपरा हलतो. मग पाण्याला जराशी थरथर आली की तिकीट कागदावरून सरकतं, धक्क्यावरून होडी सुटावी तसं. एकदा शेजारची यमुनाबाई आली. म्हणाली, "तुळसावहिनी, काय शिजवता?" मी म्हटलं, "गप्प बस आणि बघ." तीही पदर खोचून बसली. दोघींनी मिळून एक परात सोडवली. जाताना म्हणाली, "असलं काही असतं होय? आमचा माणूस नुसता पत्ते खेळतो."

वाळवायला ऊन नव्हतं. सुपात कोरे कागद घालून सूप चुलीपासून हातभर लांब टांगलं. उबेने झकास वाळली. सगळी आता यांच्या मोठ्या शब्दकोशाखाली आहेत.

एक मात्र कोडं आहे. ही सगळी तिकिटं एकाच तऱ्हेची. पाच रुपयांची, रोजच्या वापरातली. एवढी एकसारखी कशाला ठेवली? मी सांगते मला काय वाटतं. हे महिन्यातून दोनदातीनदा सकाळच्या एसटीने निघायचे, कधी गुहागरकडे, कधी राजापूरकडे, कधी वर मंडणगडला. मला म्हणायचे, "जरा फिरून येतो." मग चारपाच दिवसांनी माझ्या नावाने पाकीट यायचं. सौ. तुळसा हरिश्चंद्र शिवलकर, सगळा पत्ता, आणि आत काही नाही. केरू हाताने चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "काकू, काकांनी आज गुहागरचा वारा पाठवलाय." मी विचारलं तर म्हणायचे, "तिकिटावर शिक्का बसायला हवा ना." म्हणजे वापरलेलं तिकीट हवं म्हणून पाठवत होते, असं मी धरलं. आता तिकिटं सुटी झाली. प्रत्येकावर शिक्क्याची काळी कड तेवढी आहे.

लिफाफे ठेवण्यासारखे नव्हते. न्हाणीच्या चुलीला लाकडं ओली, पेटवणीला काही मिळत नव्हतं. कसर आत राहायला नको म्हणून सगळे त्यात घातले. ट्रंक कडुलिंबाच्या पाल्याने पुसून घेतली.

खूप महिन्यांनी काहीतरी नीट पार पाडल्यासारखं वाटलं. हे असते तर दाखवलं असतं.

तुळसा

*

दापोली
३० ऑगस्ट २०२४

वहिनींस, सा. न.

पत्र मिळालं. छान केलंत.

सोबत एक दीपगृह आणि एक गलबत पाठवत आहे. दोन्ही ठेवून घ्या, बदल्यात काही घालू नका.

डोळ्यांचं थोडं काम आहे, त्यामुळे काही दिवस पाकीट पाठवणं जमणार नाही.

भिकाजी

*

भाट्ये
२३ नोव्हेंबर २०२४

श्री. रेवाळे यांस,

गणपती गेले, दिवाळी गेली. तुमचं पाकीट आलं नाही. दिवाळीचं पत्रही नाही. मला वाटलं डोळ्यांचं असेल. काळजी वाटली म्हणून पत्र टाकायला काल आमच्या पोस्टात गेले. तिथे मृणाली म्हणून मुलगी नवीन आहे, दोनेक वर्षं झाली. सगळं एकटीच बघते. मी पाच रुपयांचं तिकीट मागितलं. तिने विचारलं, "काकू, काकांचे ते लिफाफे जपून ठेवलेत ना? एकदा मला दाखवा. मी या खात्यात आहे, पण आपल्या जिल्ह्यातले सगळे शिक्के मी तरी कुठे बघितलेत."

मी म्हटलं, "तिकिटं काढून ठेवली आहेत. तुला हवी तर देते."

ती हसली. "तिकिटं काय करायची? ही बघा." तिने खण ओढला. आत तीच तिकिटं, पाच रुपयांची, कोरी, तावच्या ताव. "ही कुठेही मिळतात. शिक्का त्या गावचाच असतो. काका इथे यायचे तेव्हा मला सांगायचे, मुली, शाई ताजी घे आणि शिक्का नीट उठव, गावाचं नाव आणि तारीख वाचता आली पाहिजे. अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर. लिफाफा गेला तर गाव गेलं."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि खण लावून घेतला. शहाणी मुलगी आहे.

मी पत्र न टाकता घरी आले.

तुम्हाला ठाऊक होतं. ट्रंक म्हणजे काय ते माझ्या ऑगस्टच्या पत्रावरून तुम्हाला लगेच कळलं असणार. तरी तुम्ही 'छान केलंत' असं लिहिलंत. मला फार नको, एवढंच सांगा, ते असं का लिहिलंत? मी चौथी शिकलेली असले तरी खरं वाचायची मला सवय आहे. आणि मी काय जाळलं, तेही सांगा. सगळं सांगा. त्या सकाळचं सुद्धा. तुमच्या मे महिन्यातल्या पत्रात तुम्ही काहीतरी झाकलंत असं मला तेव्हाच वाटलं होतं.

तुळसा शिवलकर

*

दापोली
२९ नोव्हेंबर २०२४

तुळसावहिनी,

लिहितो. निशिगंधाने सांगितलं, "बाबा, त्यांनी खरं मागितलंय, तर खरंच द्या."

हरिश्चंद्र आपल्या जिल्ह्यातल्या पोस्टांचे शिक्के जमवत होता. मोठी पोस्टं नव्हे, ती कुणीही जमवील. वाडीवस्तीतली, एखाद्याच्या ओटीवर चालणारी. कितीतरी बंद होत चालली आहेत. एसटीने जायचं, तिथल्या माणसाशी चार गोष्टी बोलायच्या, शिक्का नीट उठवून घ्यायचा आणि लिफाफा घरच्या पत्त्यावर टाकायचा. तो टपालातून फिरून आलेला असला पाहिजे, हातात घेतलेला चालत नाही, असा त्याचा हट्ट. असं काम करणारा माझ्या माहितीत दुसरा कुणी नाही. ते त्याचं मोठं काम.

पानं चढवून झाली, असं त्याने लिहिलं होतं. आता वाटतं, कोरी पानं आणून झाली असतील, आणि चढवायचं उद्यावर राहिलं असेल. तो तसाच होता. मीही तसाच. तुम्ही ट्रंक म्हटलंत तेव्हा मी रद्दी समजलो. तुम्ही लिफाफे म्हटलंत तरी मी थांबलो नाही, कारण मला परातीबद्दल लिहायचं होतं. म्हशीची गोष्ट सांगायची होती. 'लिफाफ्यांवर पत्ता कुणाचा आहे?' एवढी एक ओळ मी विचारली असती तर पुरे होतं. वहिनी, चूल तुमची होती, पण तुम्ही माझंच ऐकलंत.

'छान केलंत' का लिहिलं? तुम्ही लिहिलं होतं, खूप महिन्यांनी काहीतरी नीट पार पडल्यासारखं वाटलं. ते तुमच्याकडून काढून घ्यायला माझा हात झाला नाही. नंतर खोटं लिहिल्याची लाज वाटली, म्हणून पाकिटं थांबवली. डोळ्यांचं तसं काही नाही. चष्मा बदलला, इतकंच.

मी त्याला एकदा विचारलं होतं, लिफाफे स्वतःच्या नावाने का टाकत नाहीस, तिच्या नावाने का? त्याचं दिवाळीचं पत्र आलं. त्यातलं लिहितो. 'बोटीवर होतो तेव्हा तिला पत्रं लिहायचो. तिचं वाचन दांडगं. सिंगापूरच्या पत्रात मी काय काय चुकलो ते तिने घरी आल्यावर हसत हसत दाखवलं. हसली ती गोड, पण मग मला लिहायला भीतीच वाटली. आता रिकामं पाठवतो. त्यात चूक निघत नाही.'

आता ती सकाळ. तुमचं माहेर आंबेखोल, गुहागरच्या आत. तिथलं पोस्ट बंद झालं असं तो धरून चालला होता. तेवढं एकच गाव राहिलं, असं त्याने लिहिलं होतं. जानेवारीत निशिगंधाच्या भावाने तिथून पाठवलेलं एक पाकीट माझ्या हातात आलं. शिक्का स्वच्छ. पोस्ट चालू आहे! मी तो लिफाफा फेब्रुवारीच्या पाकिटात घालून त्याला पाठवला. चिठ्ठी नाही, आमच्या नियमाप्रमाणे. त्याला बघताच कळलं असणार. त्याने मागेच लिहिलं होतं, ते पोस्ट कधी उघडलंच तर तिथे मी एकटा जाणार नाही, तिला घेऊन जाईन. माझ्या मते ती गंमत हीच. मे महिन्यात हे लिहिलं असतं तर तुम्हाला ते घावन जन्मभर करपलेलं वाटलं असतं. म्हणून लिहिलं नाही. तो लिफाफाही बहुधा ट्रंकेतच गेला असेल.

सोबत एक लिफाफा पाठवतो. पूर्णगडचा आहे. शिक्का पुसट आला म्हणून त्याने तो बाद केला आणि मला दिला होता. अक्षर त्याचं आहे, नाव तुमचं. माझ्याकडे असण्याचं कारण नाही.

भिकाजी

*

भाट्ये
८ डिसेंबर २०२४

रेवाळेभाऊ,

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. केरूने जाड लागतंय म्हणून चाचपून बघितलं आणि माझ्या हातात दिलं.

पूर्णगडचा लिफाफा मी कितीतरी वेळ धरून बसले. 'शिवलकर'मधली पहिली वेलांटी दीर्घ काढली आहे. माझ्या नावातला 'ळ' मात्र सुबक. मी तो लिफाफा आला होता त्या दिवशी नक्की हातात घेतला असेन, आणि आत काही नाही म्हणून टेबलावर टाकला असेन. आठवत नाही. सिंगापूरचं पत्रही आठवत नाही. फार प्रयत्न केला. हसल्याचं मला आठवतच नाही, आणि त्यांनी ते इतकी वर्षं सांभाळलं.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही परातीबद्दल लिहिलंत म्हणून तो महिना मला मिळाला. त्यातलं सुख खोटं नव्हतं. मी ज्या कागदावरून तिकिटं उचलत होते तोच खरा होता, एवढंच. वाईट वाटतं ते राहीलच. ते कुठे ठेवायचं ते माझं मी बघेन.

शब्दकोशाखालची तिकिटं काढून भिंगाखाली धरली. शिक्क्याच्या कडेवर कुठे दोन अक्षरं राहिली आहेत, कुठे अर्धं. 'पाल' आहे, ते पालशेत असेल. 'हेद' म्हणजे हेदवी. एकावर नुसता काना आहे. पुष्कळांवर काहीच नाही. वाचता येतील तेवढी त्यांनी आणलेल्या कोऱ्या पानांवर लावते आहे, प्रत्येकाखाली गाव लिहून. ज्यांचं गाव लागत नाही त्यांना वेगळं पान केलं आहे. आंबेखोलचं सापडलं नाही. मुलांच्या पायाखालून गेलेल्या वाळूसारखं कुठेतरी मिसळून गेलं.

पुढच्या महिन्यात दापोलीला यायचं म्हणते. दिवाळीची वाट बघायची नाही आता. निशिगंधाला सांगा, सुरमई मी घेऊन येईन, मिरकरवाड्याची, बर्फात घालून.

माहेरी मी भाऊ मुंबईला गेल्यापासून गेले नव्हते. घराला कुलूप आहे. तिथे जाऊन करायचं काय, असं वाटायचं.

तुमचं पत्र मंगळवारी आलं, ते मी सांगितलंच. बुधवारी सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं आणि पहिल्या एसटीने जयगडला गेले. फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरले आणि मिळेल त्या गाडीने आंबेखोलला पोचले. पोस्ट तिथल्या गोदूबाईंच्या पडवीत आहे, त्यांचा नातू ते बघतो. लिफाफ्यावर श्री. हरिश्चंद्र शिवलकर, भाट्ये, असं लिहिलं, तिकीट लावलं, आत काही घातलं नाही. गोदूबाईंच्या नातवाला म्हटलं, शाई ताजी घे आणि शिक्का नीट उठव. त्याने उठवला. मी लिफाफा पेटीत टाकला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले.

तुळसा